साकवाचं सागवान

आमच्या तालुका बोर्डावर एक गृहस्थ वर्षानुवर्षं मेंबर होते आणि मी तिथला कारकून. कुणीही गाऱ्हाणं घेऊन आला की पुरतं ऐकण्याआधीच ते त्याचा हात धरून म्हणत, "झालं समज रं!" पुष्कळदा ते खरंच होई.

मग शेलूजवळच्या ओढ्यावर साकव बांधायला आलेलं सागवान त्यांच्या नव्या माडीला लागल्याची तक्रार झाली. मामलेदारांसमोर, त्यांच्या देखत, ती मलाच वाचावी लागली.

ते शांतपणे म्हणाले, "खरं हाय, रावसाहेब. लाकूड बघून मन फिरलं."

मेंबरकी गेली. आठवड्यात त्यांनी माडी उतरवली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून साकव बांधून घेतला. मी त्यावरून निघालो तेव्हा खालून हसत ओरडले, "जपून, कारकून! माझ्या माडीवरनं चाललाय तुमी!"