नळाची बारीक धार

ताई गेली त्यानंतरच्या जानेवारीत तिची दोन्ही मुलं महिनाभरासाठी आमच्याकडे शारजाला आली. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा. कॅनडात ऑफिस आणि घर एकट्याने सांभाळणं भाऊजींना जमेना. एअरपोर्टवरून पार्किंगपर्यंत बाबा म्हणत होते, "जॅकेट काढा रे, उकडेल." मुलगी "आय ॲम फाइन" म्हणाली आणि तिने चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

आमचा फ्लॅट अल मजाजमध्ये, लगूनच्या पाण्यासमोर. जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवता येतात, आई सकाळी स्वेटर घालते, एवढीच आमची थंडी. खरा बर्फ रोज संध्याकाळी फोनमधून यायचा. भाऊजींकडे तेव्हा सकाळ असायची. मुलं स्नो दाखवा म्हणायची आणि ते फोन खिडकीपाशी धरायचे. घरासमोर एक पांढरा उंचवटा होता. त्याच्या खाली ताईची गाडी. ती गेल्यापासून कोणी हलवली नव्हती.

"ममाज कार इज स्लीपिंग," छोटा म्हणायचा.

"उद्या साफ करतो," भाऊजी म्हणायचे. रोजच म्हणायचे.

मुलं येऊन थोडे दिवस झाले असतील. आई सकाळी उठली तर स्वयंपाकघरातला नळ चालू. जोरात नाही, अगदी बारीक धार, सिंकमध्ये जेमतेम आवाज करणारी. आपणच विसरलो, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"इथे पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे," बाबा म्हणाले. "घट्ट बंद करत जा."

"केला होता मी."

"मग काय, खालच्या लगूनमधून कोणी वर आलं?"

आई हसली नाही. त्या दिवसापासून झोपण्याआधी ती सिंकच्या कडेला तांब्या-भांडं ठेवायला लागली.

ताईच्या शेवटच्या दिवसांत आम्हाला व्हिसा वेळेत मिळाला नव्हता. जे काही पाहिलं ते फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. आई तेव्हा रडली नव्हती. नंतर मात्र एकच गोष्ट बोलायची, की तिच्या तोंडात पाणी घालायला मी नव्हते. आता मेथी निवडता निवडता तिने मला हळूच सांगितलं, "तहानलेली गेली गं ती. म्हणून येते."

मी "हं" म्हटलं. शाळेत टीचर माझ्याबद्दल आईला नेहमी सांगायच्या, गुड गर्ल, बट व्हेरी क्वाएट. मला मराठीतही फारसं बोलता येत नाही, आणि अशा वेळी तर कुठल्याच भाषेत नाही.

मग एका रात्री, आई झोपल्यावर, भाचीला पुन्हा झोपवताना तिच्या नाइटसूटची बाही हाताला ओली लागली.

"हे कसं भिजलं?"

"नथिंग." थोड्या वेळाने तिने भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "पाइप्स फ्रीझ होतात, मावशी. वॉटर मूव्ह झालं की नाही होत. ममा डज इट एव्हरी नाइट."

"अगं, पण इथे कुठे फ्रीझ होणार?"

"यू डोन्ट नो."

हे तिने अगदी ताईच्या सुरात म्हटलं. मी पांघरूण सारखं केलं. आईला सांगायला हवं होतं. पण सकाळी आई नळ बंद करून माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "आजही आली होती." तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी झोप झालेल्या माणसासारखा दिसायचा. तो कसा काढून घेणार? मुलीला थांबवायचं तर तिच्याकडूनही काहीतरी काढूनच घ्यायचं होतं.

ते फोनवरूनच बाहेर आलं. एका संध्याकाळी भाऊजींनी बर्फ दाखवला नाही. ते ओल्या कार्पेटवर उभे होते. पाइप फुटला होता.

"धार सोडायची राहिली," ते म्हणाले. "ती सोडायची रोज. मला कधी करावंच लागलं नाही."

"आय डू इट हिअर, पपा," मुलगी सोफ्यावरून म्हणाली. "इन आजीज किचन. बिकॉज नोबडी वॉज डूइंग इट."

आई छोट्याला संत्रं सोलून देत होती. तिचे हात थांबले. तिने मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बाबा घाईघाईने म्हणाले, "इन्शुरन्सवाल्यांना फोन केलात का?" आईने हातातली फोड छोट्याला दिली आणि ती आत गेली. तांब्या उचलल्याचा आवाज आला.

मग आतून हाक आली. "ये गं इकडे. किती सोडायचा ते दाखव मला."

मुलगी स्टुलावर चढली. मी दाराशी उभी राहिले.

"नो आजी, टू मच. लाइक अ पेन्सिल. पेन्सिल नाही, पेन्सिलची लेड."

"गरम की गार?"

"बोथ. ममा डज बोथ."

आई वाकून धारेकडे बघत होती. "असं?"

"लिटल लेस."

धार बरोबर जमेपर्यंत दोघी नळ फिरवत राहिल्या. बाबा बिलाबद्दल काहीतरी बोलायला आले आणि तसेच मागे फिरले.

झोपायला जाताना आई मला म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"बरी झोप लागत होती मला," ती म्हणाली आणि तिने दिवा बंद केला.

महिन्याच्या शेवटी मुलं परत गेली, तीच जॅकेटं घालून. भाऊजी अजून संध्याकाळी फोन लावतात. गाडी अजून बर्फाखालीच आहे.

आणि पहाटे माझी झोप मोडते तेव्हा स्वयंपाकघरातून पाण्याचा तो बारीक आवाज येत असतो. पेन्सिलच्या लेडएवढा. शेजारी तांब्या-भांडंही परत आलं आहे. नळ कोण सोडून ठेवतं ते मला माहीत आहे, किती सोडायचा हे तिला कोणी शिकवलं तेही माहीत आहे. तरी मी उठून बघायला जात नाही. आवाज बंद होईपर्यंत पडून राहते.