धरलेली जागा

लेक डबा विसरली म्हणून शाळेत गेले. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, तर ती बाकाच्या कडेला अंग चोरून बसलेली आणि शेजारी पाण्याची बाटली आडवी ठेवलेली.

गेल्या वर्षी या वर्गात पोरं फरशीवरही बसायची. मग पालकसभेत मुख्याध्यापकांनी विचारलं, शाळेची हद्द नाल्यापर्यंतच ठेवायची का, म्हणजे अलीकडचीच मुलं घ्यायची का? पलीकडच्या मुलांना नवी शाळा मिळणार होती, पण तिची जागा पार खाणीजवळ. आम्ही अलीकडच्यांनी भराभर हात वर केले. माझाही होता. घरी येताना वाटलं, चला, पोरीला जागा झाली!

“अगं, नीट सरकून बस की,” मी खिडकीतून म्हटलं.

“ती सायलीची जागा आहे, आई. मी धरून ठेवलीय.”

सायली नाल्यापलीकडची, गेल्या वर्षी हिच्याच शेजारी बसायची. आता रोज खाणीच्या ट्रकांच्या धुळीतून नव्या शाळेत चालत जाते.

आपण जागा मिळवतो, अडवतो. दुसऱ्यासाठी धरूनही ठेवायची असते, हे मी केव्हा विसरले कोण जाणे.

मी डबा आत दिला. बाकावर एवढी मोकळी जागा असून तिने तो मांडीवरच ठेवला.