ओझोनची उडी

तीस वर्षं सर फळ्यावर ओझोनचे तीन अणू काढत. मधल्या अणूच्या एकीकडे बंधाच्या दोन रेघा, दुसरीकडे एक. मग जादाची रेघ पुसून पलीकडे ओढत आणि गरजत, "बघा गाढवांनो, बंध उडी मारतो! हाच रेझोनन्स!"

निरोप समारंभातही त्यांनी तेच करून दाखवलं. घरी आल्यावर रसायनशास्त्रात संशोधन करणारी लेक चाचरत म्हणाली, "बाबा, उडी नसतेच. दोन्ही बंध कायम सारखेच असतात, दीड-दीड. एका चित्रात ते मावत नाहीत, एवढंच."

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. "तुला कधी कळलं?"

"कॉलेजच्या पहिल्या परीक्षेत. तुमची उडी लिहिली, शून्य मिळालं."

त्या शून्यासाठी सरांनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता.