फोटोपुरती गरीब

“दान घ्यायला आलात की मुलगी दाखवायला?”

चिटणीसबाईंनी हे माझ्या आईला विचारलं. त्या चालवत असलेल्या वसतिगृहाच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत. आई हसली. तिला वाटलं, बाई कौतुक करताहेत.

माझी आई बीबी गावच्या बाजारात वांगी-मेथी विकायची. आमच्या खेड्यात चौथीपुढं शाळा नव्हती. तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह निघालं होतं. देशोदेशीच्या मुलींना शिकवणारी कुठलीशी परदेशी संस्था त्याला पैसा पुरवायची. एकेका मुलीचा खर्च तिकडची एकेक बाई उचलायची. पण आधी तिला त्या मुलीचा फोटो लागायचा.

आमच्याकडं फोटो म्हणजे लग्नातला, नाहीतर मेलेल्या माणसाचा. आईनं आपल्या समजुतीनं मला तयार केलं. रिठ्यानं न्हाऊ घातलं. चपचपीत तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. काकूची पुतळ्यांची माळ मागून आणली. “परदेशातली बाई पाहीन,” ती म्हणाली, “तिले वाटलं पाह्यजे, पोरगी चांगल्या घरची हाय.”

तिथंच चुकलं तिचं.

बाईंनी माळ काढायला लावली. वेण्या सोडल्या, केस विस्कटले. झाडणाऱ्या मावशीची पोर शेवंती अंगणात होती. माझ्याच वयाची. तिचा झगा खांद्यापासून फाटलेला. “तो दे गं हिला,” बाई म्हणाल्या. शेवंतीनं मुकाट झगा काढून दिला आणि आपल्या आईचं लुगडं अंगाला गुंडाळून दाराआड बसली. तो झगा मला चढवला. गालांना अंगणातली माती चोळली. फोटोवाला म्हणाला, “हसू नको.” हसायला येत होतं कुणाला!

“बाई, आमी इतके काही...” आई एवढंच बोलली.

“दया आल्याशिवाय कोणी पैसे सोडत नाही. शिकवायची आहे ना?”

“हाव,” आई म्हणाली. माळ पदराला बांधली आणि हौदाकडं तोंड करून रडली. त्या होकाराची मला आजही चीड येते. आईची नाही. तिच्या तोंडून तो वदवून घेणाऱ्यांची.

मी शिकले. वर्ष सरलं की दुसरा फोटो निघायचा. आता गणवेशात, हातात पुस्तक. एक आधीची मुलगी, एक नंतरची. ती आधीची मी कधी नव्हतेच! नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलीचा पहिला फोटो त्याच झग्यात निघायचा. तिकडं कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. प्रत्येक बाईला आपली एकच मुलगी दिसायची.

शेवंती आमच्या खोल्या झाडायला लागली. तिला का घेत नाही, असं मी एकदा बाईंना विचारलं. “त्यांच्यात शिक्षण टिकत नाही गं,” बाई म्हणाल्या. आणि चहा मागवला.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना दुसरबीडकडचा एक शेतकरी लेकीला घेऊन आला. पोर कोऱ्या परकरात, डोळ्यांत काजळ. बाईंनी मला हाक मारली. “तू जुनी आहेस. हिला फोटोसाठी तयार कर.” झगा आता शेवंतीच्या धाकट्या बहिणीच्या, यमुनीच्या अंगावर होता. मी काही बोलायच्या आत यमुनी स्वतःच तो काढायला लागली. सवयीनं. कुणाला सांगावंही लागलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी तिचा हात धरला. बाईंनी घासूनपुसून काढलेली माझी बोली परत तोंडात आली. “बाई, झगा हिचा हाय. फोटो हिचाच काढा. हिले शिकवा.”

“आम्ही तुला माणसात आणलं. चांगले पांग फेडलेस!”

“माणसातच होतो आमी. फोटोपुरतं तुमीच काढलं आमाले त्यातून.”

बोलला तो त्या पोरीचा बाप. “पोरी, तुहं झालं शिकून. माह्या लेकीच्या आडवी काऊन येऊन राह्यली?” त्यानं यमुनीपुढं हात केला. “दे वो माय.” यमुनीनं दिला. त्यानं स्वतःच्या हातांनी तो आपल्या लेकीला चढवला. फोटो निघाला.

त्या माणसाला मी काय बोलणार? माझी आई तरी काय वेगळं वागली होती? बाईंचा राग आलाच. पण त्याहून जास्त संताप याचा, की आम्हाला एकमेकींच्या अंगावरचं ओढायला लावलं होतं. आणि वर उपकार.

संध्याकाळी माझं बोचकं ओसरीवर होतं. परीक्षा तोंडावर. वसतिगृह सुटलं, म्हणजे शाळाही सुटली. रात्री शेवंतीच्या घरी पडले. सकाळी यमुनीचा हात धरून निघाले.

“तिले कोण घेते वो शाळेत?” मावशी म्हणाली.

“पाहू कसे घेत नाहीत.”

जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोण लागते ही तुझी?”

“कोणी नाही. नाव लिहा.”

“वर्ग भरलेत. बापाला घेऊन ये, मग बघू.”

“आजच लिहा.”

मी हात जोडले नाहीत. पोरीच्या गरिबीची कहाणी सांगितली नाही. रडले नाही. मधली सुटी झाली, शाळा परत भरली, मी टेबलासमोर उभीच. शेवटी त्यांनी लिहिलं. वैतागून लिहिलं, पण लिहिलं.

मॅट्रिक मी पुढच्या साली बाहेरून दिली. लोक मला समजावतात, अगं, तिकडच्या बायका मनानं चांगल्या होत्या. असतील. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण पोरीच्या शिक्षणासाठी तिची दैना मी पुन्हा कुणापुढं मांडली नाही, मांडणारही नाही. नाव लिहा म्हणायचं. आणि लिहीपर्यंत जागचं हलायचं नाही.