पाय वर, डोकं खाली

"थांबा वो, डोकसं मांगून येऊन राहिलं!" शेजारीण उठली की हे म्हणायचीच. आधी गुडघ्यावर हात, मग कंबर, मग सावकाश मान. घाईने उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि बाई आडवी.

आमच्या दिघोरीत अशी उठणारी दुसरी नव्हती. लाखांदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झटकन उठलं की हिचं रक्त पायातच राहतं, मेंदूपर्यंत पोचत नाही. पडली की पाय वर, डोकं खाली. झालं! सासऱ्यासमोर धानाच्या पोत्यावर पाय टाकून झोपायची परवानगी मिळालेली गावातली ती पहिली सून. सासू कुरकुरायची, "लाज नाही का वो?" ती डोळे मिटूनच म्हणायची, "डाक्टरले इचारा, मामी."

तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल, जिच्या दुखण्याचाही हेवा वाटतो. एकदा ती आमच्या अंगणात पडली, तर आमच्या ह्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिला वारा घातला. लग्नापासून मला कधी घातला नव्हता. मला तो वारा हवा होता, बस्स.

मग मी चक्कर शिकायला बसले. चुलीपाशी उकिडवी बसायची आणि टुणकन उठायची. पण माझं रक्त मेलं बैलासारखं इमानदार, जिथं पोचायचं तिथं पोचायचंच. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं वो, इचू चावला का?"

शेवटी रोवणीचा दिवस धरला. आम्ही बाया धानाच्या बांधीत, चिखलात ओणव्या, हे रोपांच्या पेंढ्या फेकत होते. मी कपाळाला हात लावला, "अगं माय" केलं आणि बांधीच्या कडेला धुऱ्यावरचं कोरडं गवत बघून पडले. नवं लुगडं होतं ना!

शेजारीण माझ्या बाजूलाच रोवत होती. "पडली वो पडली!" म्हणत ती ताडकन सरळ झाली, आणि खरोखरीची चिखलात कोसळली.

हे धावले. मला ओलांडून धावले!

"पाहून काय राहिली? पाय धर तिचे!" मलाच ओरडले. मी उठले, दोघांनी तिला धुऱ्यावर आणलं आणि तिचे पाय माझ्या मांडीवर घेतले. चेहरा धुतल्या तांदळासारखा पांढरा. दुपट्टा तिच्यावर भराभरा हलत होता आणि इतकी घाबरलेली असूनही मी जळत होते. जळायला मला कधी उसंत लागली नाही.

हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. डोळे उघडून आधी तिने मला शोधलं.

"मले कायले वारा घालता, भाऊ? माझं रोजचंच हाये. तिले घाला. तिले कधी होत नाही असं."

ह्यांनी दुपट्टा माझ्याकडे वळवला. किती दिवस वाट पाहिलेला वारा, आणि तोही तिने दिलेला!

"नको," मी फणकारले, "मले काई झालं नाही."

आयुष्यात तेवढं एक खरं बोलले, तेही रागाने. तिचे गार पाय पदराने पुसून चोळत राहिले. दुपट्टा आम्हा दोघींच्या मधे नुसताच लटकत राहिला.