शनिवारचा निळा धूर

आमचे तात्या दर शनिवारी कळसहून बारामतीला माझ्याकडे यायचे, आणि ते आल्याचं मला आधी शेजाऱ्यांकडून कळायचं. समोरच्या काकू दोरीवरचे कपडे घाईघाईनं गोळा करू लागल्या, की मी चहाचं आधण ठेवायचे. तात्यांची जुनी डिझेल गाडी कोपऱ्यावर वळताना मागे एवढा धूर सोडायची की पाठीमागून येणारा दूधवाला थोडा वेळ दिसेनासाच व्हायचा. काकू तक्रार करत नसत. फक्त "वडील आले वाटतं," एवढंच म्हणत आणि खिडकी लावून घेत.

आई गेल्यापासून तात्यांचा हा शनिवार ठरलेला. येताना पिशवीत वांगी, कोथिंबीर, कधी शेवग्याच्या शेंगा. चहा, पेपर, माझ्या मुलांची चौकशी, आणि हल्ली चार वाजायच्या आत परत. "दिवस हाय तवर घरी पोचल्यालं बरं," म्हणायचे. मला वाटायचं, म्हशीची धार काढायची घाई असेल.

मी मात्र त्या गाडीवर दात ठेवून होते. "विकून टाका आता," हे मी दर शनिवारी म्हणायचे. एसटी आहे की चांगली. तात्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "एसटीनं यायचं म्हंजी एसटीच्या मर्जीनं यायचं. मला माझ्या मर्जीनं यायचं असतंय."

आता आमच्या इंदापूर तालुक्यात इंजिनातलं कळत नाही असा पुरुष अजून जन्माला यायचाय. प्रत्येकाच्या दारात ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर नसेल तर मत. त्यामुळे धुराचं निदान करायला माणसं कमी पडली नाहीत. कळंबच्या मामांनी फोनवर इंजिनाचा आवाज ऐकला आणि उसाच्या पाचटाचा कचरा एअर फिल्टरमध्ये चोंदलाय असं छातीठोकपणे सांगितलं. फिल्टर बदलला. धूर तसाच. मग बावड्याचे पाहुणे एका लग्नात भेटले. त्यांनी गाडी पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती, पण जेवताजेवता पिस्टनच्या रिंगा गेल्याचं सांगून टाकलं आणि वर जिलेबी मागून घेतली.

एवढ्या सल्ल्यांमधून मीही थोडी शहाणी झाले. पांढरा धूर म्हणजे इंजिनात पाणी शिरतंय. काळा म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो दिसला की गाडीचे दिवस भरले समजायचं. तात्यांच्या गाडीचा धूर निळा होता. मला दिसत होता, काकूंना दिसत होता, दूधवाल्याला तर आतून दिसत होता.

"निळा कुठं हाय?" तात्या म्हणायचे. कपाळावर हात धरून सायलेन्सरकडं बघायचे. "राखाडी हाय. डिझेलात पाणी आलं आसंल."

"तात्या, ढळढळीत निळा आहे."

"तुला इकायचीच हाय म्हणून तुला निळा दिसतोय."

हे अगदीच खोटं नव्हतं. त्यांना ठेवायचीच आहे म्हणून राखाडी दिसतोय, असं मीही मनात म्हणत होते. आमच्या घराण्यात हट्ट वाटून घ्यावा लागत नाही, सगळ्यांना पुरून उरतो.

ऑइल कमी पडत असेल अशी शंका मात्र कुणी घेतली नाही, आणि जास्त होत असेल अशी तर नाहीच. कारण तात्या रोज सकाळी स्वतः बघायचे. बैलाला पाणी दाखवल्याशिवाय जुंपत नाहीत, तसं ऑइल बघितल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, हा त्यांचा नेम. बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची लोखंडी पट्टी बाहेर काढायची, फडक्यानं पुसून पुन्हा बुडवायची आणि खुणेपर्यंत ऑइल आहे का बघायचं. कमी दिसलं तर डब्यातून ओतायचं. जन्मभर त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या होत्या. आमच्याकडे शेतकऱ्याचा काट्यावर विश्वास नसतो, पण तात्यांवर होता. त्यांनी आकडा सांगितला की गाडीवान मान डोलावून पुढे जायचा. असा माणूस पट्टीवरची खूण चुकेल, हे आमच्या डोक्यात यावं तरी कसं?

शेवटी आमचा तह झाला. बारामतीच्या मिस्त्रीला गाडी दाखवायची. इंजिन गेलं असं तो म्हणाला तर गाडी विकायची. नाही म्हणाला तर मी पुन्हा धुराचा ध उच्चारायचा नाही. तात्यांनी लगेच मान्य केलं. मीही केलं, कारण निकाल मला ठाऊक होता.

त्या शनिवारी तात्या पुढे गाडीत आणि मी मागून स्कूटरवर, तोंडाला ओढणी बांधून. चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा तात्यांनी ब्रेक इतक्या उशिरा दाबला की मी मागून ओरडलेच. ब्रेकचंही बघून घ्यायला सांगू, असं मी मनात टिपून ठेवलं.

मिस्त्री पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं कुणाचंही मत विचारलं नाही, ही पहिली सुखद गोष्ट. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरसमोर पांढरं फडकं धरलं. वास घेतला. रेडिएटरचं पाणी बघितलं. मग गाडी बंद करून थोडा वेळ थांबला, पट्टी बाहेर काढली आणि तिच्याकडं बघतच राहिला.

"ऑइल कोण घालतं, तात्या?"

"मीच की. दुसऱ्याला हात लावू देत न्हाय."

"किती घालता?"

"कमी दिसलं की घालतो. रोजच जरा कमी आसतंय."

मिस्त्रीनं पट्टी पुसली, पुन्हा बुडवली आणि तात्यांच्या हातात दिली. "बघा बरं."

तात्यांनी पट्टी लांब धरली. जवळ घेतली. उजेडाकडं वळवली. मी शेजारीच उभी होते. ऑइल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर चढलं होतं आणि ताजं, चकचकीत, पट्टीवरून खाली ओघळत होतं.

"आजबी जरा कमीच हाय," तात्या म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी पटकन मान फिरवली.

"व्हय," तो हळूच म्हणाला. "ह्या पट्टीचं काय खरं न्हाय, तात्या. बदलून देतो."

मग त्यानं इंजिनाखालचा नट सैल करून ऑइल सोडलं. खालचा डबा भरत आला तरी धार थांबेना. रोज थोडं थोडं करून तात्यांनी त्या इंजिनाला गळ्यापर्यंत पाजलं होतं. जास्तीचं ऑइल वर चढून जळत होतं, दुसरं काही नाही. उरलेलं खुणेवर आल्यावर नट आवळून मिस्त्रीनं गाडी चालू केली. आधीचं उरलंसुरलं जळेपर्यंत तिनं दोन ढग सोडले, मग सायलेन्सरमधून काहीच येईना.

"इंजिन एकदम बेस हाय," मिस्त्री म्हणाला.

तात्यांचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा फुलला. "सांगत हुतो का न्हाय! आता पुन्यांदा धुराचं नाव काढायचं न्हाय हां." ते जाऊन स्टिअरिंगमागे बसले.

मी तशीच उभी. राखाडी धूर, चार वाजता परत निघणं, चौकातला तो ब्रेक, सगळं एकदमच समजलं. किती महिने मी त्या सायलेन्सरकडं बघत होते, आणि पुढे बसलेल्या माणसाकडं एकदाही धड बघितलं नव्हतं. मला स्वतःचीच शरम वाटली. तह मी हरले होते. आता गाडी थांबवायला माझ्याकडं खरं सांगण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

मी खिडकीशी गेले. "तात्या, ऑइल कमी नव्हतं. चार बोटं वर होतं. तुम्हाला खूण दिसत नाही."

तात्यांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"मोतीबिंदू असणार. आपण ऑपरेशन करून घेऊ, मग खुशाल चालवा. तोवर नको."

तात्यांनी समोरच्या काचेतून एकदा बाहेर बघितलं. मग इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"मग तवर शनवारी कसं यायचं?"

"मी येईन की कळसला," मी म्हणाले. "दर शनिवारी."

तात्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. काट्यावरचा आकडा सांगावा तसं ते सरळ म्हणाले, "तू? तुला कुठं सवड आसती, बाय."