मोडू नका म्हटलं होतं!

आमच्या गाडीचा पहिला बोल्ट मी एकट्यानं मोडला. दुसऱ्याले शेजारी लागला.

गाडी म्हणजे माझी मोटरसायकल. वंदनाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, लग्न व्हायच्या आधीपासूनची. ("म्हणूनच तिचं इतकं कौतुक," असं वंदना म्हणते. म्हणू द्या!) आम्ही राहतो जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात (पारा म्हणजे मोहल्ला) आणि माझं ऑफिस गेलं नव्या रायपुरात. राज्य नवं, राजधानी नवी, रस्ते तर असे रुंद की पलीकडे जायचं तर डबा बांधून निघावं! बस मात्र कधी येईल ते डायवरलेही ठाऊक नसते. म्हणून ही गाडी माझे हातपाय आहे.

तर सायलेन्सर जिथं इंजिनाले जोडलेला असते, तिथून फटफट करून राहिला होता. मिस्त्रीकडे नेली. त्यानं गाडीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, अब इसको बेच दो. आपकी उमर में आराम की गाड़ी चाहिए."

अंकल! बेचाळिसाव्या वर्षी! मी त्याच्या दुकानासमोरच जाहीर केलं की आजपासून या गाडीले मिस्त्रीचा हात लागणार नाही. जे करीन ते मी करीन!

घरी येऊन हेच वंदनाले सांगितलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळं समोरच्याले पुरतं चुकू द्यायची तिले सवय आहे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "रविवारी संध्याकाळी पाचच्या आत गाडी सुरू झाली पाहिजे. मी घरातून आवाज ऐकीन. नाही झाली, तर सोमवारी भंगारवाला. मंग तुम्ही माझ्या मोपेडवर मागं बसा, मी रोज बसपर्यंत सोडत जाईन."

"मागं? मी?"

"डबा मांडीवर घेऊन."

आता तुम्हीच सांगा! मराठ्यांच्या राज्यापासून आम्ही या गावात आहो. त्या घराण्यातला माणूस भर पाऱ्यातून बायकोच्या मागं डबा धरून जाईल? मी म्हटलं, "पाच कायले? बारालेच सुरू करतो!"

रविवारी अंगणात बसलो. काम दोन बोल्टांचं होतं. ते काढायचे, मधली चकती बदलायची, पुन्हा लावायचे. दहा नंबरचा पाना लावला, बोल्ट हलेना. तेल ओतलं. (वंदनाचं डोक्याले लावायचं होतं. तिले मागाहून कळलं.) तरी हलेना. मंग पान्याच्या दांडीवर पाण्याच्या मोटरीचा लोखंडी पाइप चढवला, पाय भिंतीले टेकवला आणि लावला जोर. काय सांगू, बोल्ट फिरला! शिऱ्यात चमचा फिरावा तसा फिरला!

"वंदना! फिरून राहिला! म्हटलं नव्हतं मी?"

टण्ण! डोकं माझ्या हातात, धड इंजिनात.

ज्यानं कधी बोल्ट मोडला आहे त्याले ठाऊक आहे. जो बोल्ट दोन तास अडून एकदम गोडीत येते, तो निघून नाही राहिला, मरून राहिला.

"निघाला का जी?" वंदनानं आतून विचारलं.

"निघाला!" मी ठणकावून सांगितलं. (अर्धा निघाला होता. अर्ध्याचं तिनं विचारलं नाही.)

टण्ण ऐकून शेजारचे साहू भैया आले. ते सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात नोकरीले. हात मागं बांधून त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ये अकेले का काम नहीं है, भैया. हम सिलतरा वाले हैं, लोहे के साथ रोज का उठना-बैठना है." मले असा धीर आला म्हणता! ठरलं असं, की मी खाली बसून पाना बोल्टावर दाबून धरायचा आणि साहू भैयांनी वरून पाइप ओढायचा. हळूहळू.

त्यांनी ओढला. बोल्ट फिरला. आणि माझ्या बोटांले तीच गोडी लागली! ओळखली मी! घाबरलो की माझं हिंदी पळून जाते, तोंडातून आपली मराठीच निघते.

"भैया, मोडते! मोडते!"

"हव, मोड़ते हैं!" म्हणून त्यांनी आणखी जोर लावला.

"अहो, मोडला!"

"अभी कहाँ मुड़ा? थोड़ा और!"

"मोडू नका! मोडू नका!"

"मोड़ूँ ना? हव, मोड़ तो रहा हूँ ना!"

टण्ण!

साहू भैया पाइपासकट तुळशीपर्यंत गेले. आता यात चूक कोणाची? आपल्याकडे मोडणं म्हणजे तोडणं, त्यांच्याकडे मोड़ना म्हणजे वळवणं, फिरवणं. इतक्या पिढ्या एका पाऱ्यात काढल्या, सणासुदीले ताटं दिली-घेतली, पण हा एक शब्द कोणी कोणाले समजावून नाही सांगितला!

"आप रोज कारखाने में यही करते हो क्या?" मी हिंदीत विचारलं. पळालेलं हिंदी आता परत आलं होतं.

"नहीं भैया," साहू भैया कंबर चोळत म्हणाले. "मैं तो कैंटीन देखता हूँ."

अशा वेळी एक इलाज असते. मोडक्या बुंध्यावर नट वेल्डिंग करायचा आणि त्याले पाना लावून फिरवायचं. पण वेल्डिंग कोण करते? मिस्त्री! मेलो तरी नाही! मी छन्नी घेतली आणि ठोकत बसलो. बोल्टाले काही झालं नाही. अंगठ्याचं नख तेवढं काळंनिळं झालं.

साडेचार झाले. वंदना बाहेर आली. फडकं घेतलं आणि मोपेडचं मागचं सीट पुसायले लागली. समोरचं नाही, मागचं! असं निगुतीनं पुसत होती की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, बाई, तू काय बोलली होती? गाडी सुरू झाली पाहिजे. सायलेन्सर लागला पाहिजे असं बोलली होती का? नाही ना!

सायलेन्सर ओढून बाजूले ठेवला. पाचले पाच मिनिटं होती. मारली किक.

अरे बाप्पा! तात्यापाऱ्यात असा आवाज कोणी ऐकला नसेल! इंजिनातून वीतभर जाळ निघून राहिला होता. समोरच्या गच्चीवरचे पापड सोडून बाया खाली धावल्या. कुत्रे बाजारापर्यंत पळाले. साहू भैया "सिलेंडर! सिलेंडर!" करत आपल्या घरातला गॅस बंद करायले गेले. आणि मी धुरात उभा, छाती काढून!

वंदना दोन्ही कानांवर हात ठेवून काहीतरी म्हणाली. मी गाडी बंद केली.

"काय म्हटलं?"

"म्हटलं, जिंकले तुम्ही. उद्या हीच न्या ऑफिसले."

नेली! तुम्हाले काय वाटलं, नेणार नाही? नेली! नव्या रायपूरच्या त्या मोकळ्या रस्त्यावर आवाज अडवायले ना घर ना झाड. साहेबांनी पहिल्यांदा मले स्वतःहून बोलावलं. "तुम्हारी आवाज़ तो दस बजे आ गई थी," ते म्हणाले, "तुम सवा दस को काहे आए?" गेटवरच्या शिपायानं जाताना हात जोडले, की कृपा करा, ही पुन्हा आणू नका.

आता गाडी अंगणात उभी आहे, ताठ. भंगारात गेली नाही. शब्द दिला होता, तिले मिस्त्रीचा हात लागलेला नाही. माझाही लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि सकाळी साडेआठले तुम्ही तात्यापाऱ्यातून गेले आणि मी मोपेडवर दिसलो, तर गैरसमज करून घेऊ नका. हरलो नाही मी. नुसता मागं बसलो आहो.